लॅपटॉपच्या बिघडलेल्या कळीचे काम दुसऱ्या कळीला देण्याबाबत मदत हवी आहे

नमस्कार. वेंगुर्ल्याच्या खाऱ्या, दमट हवेमुळे असेल, पण माझ्या लॅपटॉपची ‘डी’ ही कळ कितीही दाबली तरी उमटत नाही, आणि इनस्क्रिप्ट या मराठी टंकलेखनाच्या कळमांडणीमध्ये हलन्त (अक्षराचा पाय मोडण्याचे चिन्ह) याच कळीवर असल्यामुळे ‘प्रत’ लिहायला गेले की ‘परत’ उमटते. पॉवरटॉइज या मायक्रोसॉफ्टच्या साधनसंचातील कीबोर्ड मॅनेजरमधून हे काम मी कॅप्स लॉकला दिले आहे. मात्र विंडोजच्या लॉगिन पडद्यावर तो बदल लागू होत नसल्याने तेथे दर वेळी ऑन-स्क्रीन कीबोर्ड उघडावा लागतो. रजिस्ट्रीतील (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या साठ्यातील) ‘स्कॅनकोड मॅप’, म्हणजे कळींची कामे बदलणारी नोंद, लॉगिनलाही चालतो, परंतु तो यूएसबीच्या धडधाकट कीबोर्डलाही लागू होतो, हे मला गैरसोयीचे वाटते. केवळ लॅपटॉपच्या कीबोर्डपुरता, लॉगिनपासूनच लागू होणारा उपाय कोणी वापरला असल्यास कृपया सविस्तर सांगावा.