मदत हवी आहे: ‘सुपर मारिओ ब्रदर्स’च्या पहिल्या चार टप्प्यांत उडी मध्येच तुटते

अबोली

नमस्कार. 1985 साली निन्टेंडोने आपल्या फॅमिकॉम या खेळयंत्रासाठी काढलेल्या मूळ ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मधील पहिल्या जगाचे चारही टप्पे, म्हणजे 1-1 पासून 1-4 पर्यंत, मला एकही टप्पा न वगळता क्रमाने पार करायचे आहेत. त्यात काही ठरावीक ठिकाणी मी सतत अडकते आहे, म्हणून हा धागा काढला आहे. ज्यांनी हा खेळ मन लावून खेळला आहे त्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

आधी यंत्राविषयी सांगते, कारण अडचणीचे मूळ तिथेही असू शकते. माझ्याकडे निन्टेंडोचे मूळ यंत्र नाही. नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडून खेळत ते आठ-बिटांचे, कॅसेट घालायचे गेम असत, त्याच जातीचे पण नवे घेतलेले यंत्र आहे. टीव्ही सपाट पडद्याचा आहे. रिमोटवर डावीकडे दिशांची फुली असून उजवीकडे चार बटणे आहेत, दोन वर आणि दोन खाली, आणि त्यांच्यावरची अक्षरे इतकी पुसट आहेत की कोणते ‘ए’ आणि कोणते ‘बी’ हे अंदाजानेच ठरवावे लागते. लहानपणी मी हा खेळ भावंडांच्या मागे बसून भरपूर पाहिला, त्यामुळे वाट तोंडपाठ आहे. हाताला मात्र सवय नाही.

1-1 ची रचना मला फार आवडते. सुरुवातीला मारिओ पडद्याच्या डाव्या बाजूला उभा असतो आणि उजवीकडे मोकळी जागा असते, म्हणजे कुठे जायचे हे कोणी न सांगताच कळते. पहिला गूम्बा, म्हणजे चालत येणारा छोटा शत्रू, समोरून येतो आणि उडी मारायला भाग पाडतो. पुढच्या ठोकळ्यांतून निघालेले, मारिओला मोठे करणारे मशरूम उजवीकडे घरंगळत जाते, हिरव्या नळाला आपटून परत आपल्याच दिशेने येते आणि वर ठोकळ्यांची रांग असल्यामुळे त्याला चुकवणे कठीण जाते. त्यामुळे शत्रू समजून पळणाऱ्यालाही ते मिळते आणि ते चांगले असते हे कळते. शेवटाकडे समोरासमोर दोन जिने येतात, त्यांच्यामध्ये सपाट जमीन असते. त्यानंतर तसेच दोन जिने पुन्हा येतात आणि या वेळी मध्ये खड्डा असतो. या खेळाचे निर्माते शिगेरू मियामोतो यांनी 2015 साली एका मुलाखतीत हा टप्पा उलगडून दाखवला होता, त्यात या जोडीचा हेतू हाच सांगितला होता, की आधी पडले तरी चालेल अशा जागी सराव व्हावा आणि मग तीच उडी खऱ्या खड्ड्यावरून मारावी.

माझी अडचण नेमकी त्या दुसऱ्या जोडीपाशी येते. बटण दाबून धरलेले असूनही मारिओ कधी व्यवस्थित उंच उडतो, तर कधी जेमतेम एका ठोकळ्याएवढा उचलला जातो आणि खड्ड्यात पडतो. सुरुवातीचा दोन ठोकळ्यांचा बुटका नळसुद्धा कधीकधी चढता येत नाही, आणि तिसरा व चौथा चार-चार ठोकळ्यांचे नळ एखाद्या वेळी सहज चढता येतात, हे मला समजत नाही. आणखी एक विचित्र गोष्ट अशी, की कधीकधी तो जमिनीवर टेकताच मी काही न करता पुन्हा उडतो आणि समोरच्या गूम्ब्यावर जाऊन आपटतो.

1-2 मध्ये शेवटच्या लिफ्टपाशी आणि 1-3 मध्ये झाडांच्या शेंड्यांवरून जाताना मला अंतराचा अंदाज येत नाही. 1-2 मधून थेट दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या जगात नेणारी गुप्त जागा मला ठाऊक आहे, पण त्या वाटेने जायचे नाही. तेव्हा उडी कशामुळे तुटते, धावून उडी मारताना बोटे नेमकी कशी ठेवायची आणि लिफ्टवर कधी चढायचे, एवढे कृपया कोणी सविस्तर सांगावे.

जुनीकॅसेट

ताई, आपण लक्षणे इतकी नेमकी लिहिली आहेत की निदान जवळजवळ आपणच केले आहे. टेकताच आपोआप पुन्हा उडी मारणे, हे त्यातले सर्वांत महत्त्वाचे लक्षण आहे.

मूळ खेळात ‘ए’ बटण कितीही वेळ दाबून धरले तरी एका दाबण्याला एकच उडी मिळते. पुन्हा उडायचे असेल तर बटण सोडून पुन्हा दाबावे लागते. तसेच उडीची उंची बटण किती वेळ दाबलेले आहे यावर ठरते. दाबलेले असेपर्यंत मारिओ हलका राहतो, आणि वर जाताना बटण क्षणभर जरी सुटले तरी खाली ओढणारे बळ वाढते. तीच उडी चालू असताना बटण परत दाबून ते कमी करता येत नाही. आता आपल्या रिमोटवरील चार बटणांपैकी दोन ही ‘टर्बो’ची असतात, म्हणजे ती दाबून धरली की यंत्राला दर सेकंदाला अनेकदा दाबल्या-सोडल्याचा इशारा जातो. गोळ्या झाडण्याच्या खेळांत ती फार उपयोगी पडतात, पण मारिओत ‘टर्बो ए’ दाबले की पहिल्याच सुटण्याला उडी तुटते आणि जमिनीवर टेकल्याबरोबर पुढच्या दाबण्याला नवी उडी सुरू होते. आपला अंगठा कधी साध्या बटणावर आणि कधी टर्बोवर पडत असावा, म्हणूनच तोच नळ एकदा चढता येतो आणि एकदा येत नाही.

खात्री करून घेण्यासाठी 1-1 च्या अगदी सुरुवातीला, गूम्बा समोर येण्यापूर्वी, चारही बटणे एकेक करून दाबून धरा. ज्या बटणाने मारिओ एकदाच उंच उडून शांत उभा राहतो ते साधे ‘ए’, आणि ज्याने तो बेडकासारखा उड्या मारत राहतो ते टर्बो. बहुतेक अशा रिमोटवर वरची जोडी टर्बोची असते, पण सगळ्यांवर तशीच असेल असे धरून चालू नका. एकदा ओळखले की टर्बोच्या दोन्ही बटणांवर कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावा, म्हणजे न बघताही बोटाला फरक कळेल.

बोटे ठेवण्याविषयी. ‘बी’ हे ‘ए’च्या डावीकडे असते, आणि धावण्यासाठी ‘बी’ धरून ठेवायचे व त्याच वेळी ‘ए’ने उडायचे असते. दोन बोटांनी दोन बटणे दाबू नका. उजवा अंगठा आडवा ठेवा, त्याचे टोक ‘बी’वर टेकवून ते सोडूच नका, आणि उडायचे असेल तेव्हा अंगठ्याचा मधला सांधा खाली झुकवून त्याच्या मागच्या भागाने ‘ए’ दाबा. सुरुवातीला अंगठा अवघडतो, पण हाच हात पुढे आठव्या जगापर्यंत कामी येतो. धावण्याचा वेग मात्र जमिनीवरच घ्यावा लागतो, कारण हवेत गेल्यावर ‘बी’ दाबून चालण्याची उडी धावण्याची होत नाही. खड्ड्याच्या काठाशी येऊन थांबून उडण्याऐवजी काही पावले मागून धावत या. धावत मारलेली उडी लांबच नव्हे, तर उंचही जाते. आपण म्हणता त्या सपाट जमिनीच्या जिन्यांचा सरावासाठी जेवढा उपयोग करता येईल तेवढा करा, फक्त पडदा मागे डावीकडे सरकत नाही हे लक्षात ठेवा.

रानवारा

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे. त्यात टीव्हीची एक गोष्ट जोडतो. सपाट पडद्याचे टीव्ही चित्र दाखवण्यापूर्वी त्यावर बरीच प्रक्रिया करतात, त्यामुळे बटण दाबणे आणि मारिओ उडताना दिसणे यांत किंचित अंतर पडते. टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्राच्या पर्यायांत ‘गेम मोड’ असेल तर तो चालू करा. जुन्या काचेच्या टीव्हीवर हे अंतर जाणवत नसे. लिफ्टवर अंदाज चुकण्यामागे हेही एक कारण असू शकते.

1-2 च्या शेवटी आधी खाली जाणाऱ्या लिफ्ट येतात आणि त्यानंतर वर जाणाऱ्या. खाली जाणाऱ्या लिफ्टवर चढलात की पाय टेकताच पुढच्या उडीची तयारी ठेवा, कारण तिच्यावर जितका वेळ थांबाल तितका पुढचा काठ उंच होत जातो. वर जाणारी लिफ्ट याच्या उलट असते. ती खाली असतानाच चढा आणि पलीकडच्या जमिनीच्या पातळीला आली की लगेच उतरा. आपल्याला गुप्त वाटेने जायचे नसल्यामुळे इथे विशेष काळजी हवी. लिफ्टबरोबर वर गेलात आणि छताच्या विटांवर चढून उजवीकडे निघालात, तर बाहेर पडायचा आडवा नळ मागे राहतो आणि पडदा मागे सरकत नसल्याने परत येता येत नाही. मग 4, 3, 2 असे आकडे असलेल्या तीन नळांपैकी एक निवडण्यावाचून गत्यंतर राहत नाही, आणि 2 निवडला तरी 1-3 व 1-4 हुकतात. जमिनीवर उतरून त्या आडव्या नळाच्या तोंडात सरळ उजवीकडे चालत शिरा.

1-3 मध्ये बहुतेक ठिकाणी खाली जमीनच नाही, म्हणून तिथे घाई नको. वेळेचा आकडा 300 वरून सुरू होतो खरा, पण तो खऱ्या सेकंदांपेक्षा बराच भरभर उतरतो. सेकंदाला सुमारे 60 चित्रे दाखवणाऱ्या यंत्रावर दर 24 चित्रांना एक आकडा कमी होतो, म्हणजे 300 आकडे साधारण दोन मिनिटांत संपतात. एवढा वेळ शांतपणे जायला पुरतो. उडी मारण्यापूर्वी समोरच्या शेंड्यावर कोण आहे ते बघा. लाल कासव कडेला पोचले की मागे वळते, तर हिरवे सरळ चालत जाऊन खाली पडते. त्यामुळे लाल कासवाची पाठ आपल्याकडे होण्याची वाट पाहून उडी मारणे सोपे जाते. आडव्या सरकणाऱ्या लिफ्ट मारिओला आपल्याबरोबर नेतात, म्हणून तिच्यावर उभे राहिल्यावर दिशेचे बटण सोडून द्या, आणि पलीकडे गेल्यावरच पुन्हा उजवे दाबा. हवेत असतानाही डावे-उजवे दाबून उतरण्याची जागा थोडीफार बदलता येते. उडी लांब जाते आहे असे वाटले तर डावे बटण दाबा, पण ‘ए’ घाईने सोडू नका.

अबोली

दोघांचेही मनापासून आभार. आपण सांगितल्याप्रमाणे तपासून पाहिले. वरची दोन्ही बटणे टर्बोचीच आहेत. त्यांवर पट्टी लावल्यापासून एकही उडी तुटलेली नाही आणि खड्ड्याचे जिने आता सहज ओलांडले जातात. टीव्हीवर गेम मोड होता, तोही चालू केला आहे. आडव्या अंगठ्याची सवय होते आहे. 1-3 एकदा पार करून मी 1-4 पर्यंत पोचले, पण किल्ल्यात आगीच्या फिरत्या काठ्यांनी जीव गेला आणि पुन्हा अगदी दारापासून सुरुवात करावी लागली. आधीच्या टप्प्यांत अर्ध्याच्या पुढे जाऊन मेल्यावर मधूनच सुरुवात होत होती, मग इथे तसे का झाले नाही? आणि किल्ल्याच्या शेवटी पुलावर उभा असलेला मुख्य शत्रू बाउझर समोर आल्यावर, आगीच्या गोळ्या झाडू देणारे आगीचे फूल हातात नसेल तर, काय करावे?

जुनीकॅसेट

किल्ल्याच्या टप्प्यांना मधला थांबाच नाही. 1-1, 1-2 आणि 1-3 मध्ये तो असतो, 1-4 मध्ये नसतो, म्हणून तिथे मोठा मारिओ होऊनच शिरणे हिताचे. 1-4 च्या सुरुवातीच्या भागात एका प्रश्नचिन्हाच्या ठोकळ्यात शक्तीची वस्तू आहे, मारिओ लहान असेल तर मशरूम आणि मोठा असेल तर फूल, ती चुकवू नका. आगीची प्रत्येक काठी एका ठोकळ्याभोवती फिरते. आधी थांबून ती कोणत्या दिशेने फिरते ते पाहा, तिचे टोक आपल्या वाटेवरून पुढे सरकले की लगेच तिच्या मागून निघा आणि मध्ये थबकू नका.

बाउझर दिसण्याआधीच उजवीकडून ज्वाला येऊ लागतात, तेव्हा तिथून पुढे प्रत्येक पावलाला पडद्याच्या उजव्या कडेकडे लक्ष हवे. फूल असेल तर पाच गोळ्यांत तो पडतो. नसेल तर तो उंच उडाल्यावर त्याच्या खालून धावत पलीकडे जा आणि पुलाच्या टोकाला असलेल्या कुऱ्हाडीला स्पर्श करा, पूल कोसळतो आणि तो लाव्ह्यात पडतो. मोठ्या मारिओला आणखी एक सोय आहे. धक्का लागून तो लहान होतो तेव्हा थोडा वेळ लुकलुकत राहतो आणि त्या वेळात त्याला काही लागत नाही, म्हणून तसाच बाउझरच्या अंगातून धावत कुऱ्हाडीपर्यंत जाता येते. फुलाच्या मारिओलाही या खेळात धक्का लागला की तो थेट लहान होतो, मोठा राहत नाही, हे ध्यानात असू द्या.

सगळे जीव संपले तर मुख्य पडद्यावर ‘ए’ धरून स्टार्ट दाबल्यास ज्या जगात होता त्याच्या पहिल्या टप्प्यापासून खेळता येते. पहिल्या जगात याचा काही उपयोग नाही, पण 2-1 ला पोचलात की नक्की वापरा, आणि तेव्हाही ‘ए’ साधेच दाबा, टर्बो नको.