टेस्टोस्टेरॉन नॉर्मल, तरी परत एचसीजीची इंजेक्शनं कशाला?

साखळीची_आई:
मुलगा आठ महिन्यांचा. लघवीचं छिद्र टोकाला नाही, खाली जवळजवळ मुळाशी आहे; उजवी गोळीही (वृषण) खाली उतरलेली नाही. दोन महिन्यांचा असताना टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित आलं, कॅरिओटाइप (गुणसूत्रांची तपासणी) ४६ एक्सवाय, म्हणजे मुलग्याचाच. आता ऑपरेशनआधी एचसीजी या हॉर्मोनची इंजेक्शनं देऊन परत रक्त काढायचं म्हणतात, या वेळी डीएचटी नावाचं दुसरं हॉर्मोनसुद्धा बघणार. नळीच तर शिवायची, त्यात हॉर्मोनचं काय? घरी सासूबाईंचं एकच पालुपद, मी ग्रहणात विळीवर नीरफणस कापला म्हणून.

फोंड्याचा_लॅबवाला:
ताई, मी डॉक्टर नव्हे, रक्ताचे नमुने हाताळतो. पण हा प्रश्न आमच्या काउंटरवर नेहमीचा.

पहिल्या दोन-तीन महिन्यांत मुलग्यांचं टेस्टोस्टेरॉन आपोआप वर जातं, सहा महिन्यांपर्यंत उतरतं. आता नुसतं रक्त काढलं तर आकडा नगण्य येणार. एचसीजी मेंदूकडून येणाऱ्या एलएच या हॉर्मोनसारखं काम करतं, त्यानं वृषण जागं होतं.

खरी गोम डीएचटीत. फाइव्ह-अल्फा रिडक्टेज टाइप २ हे एन्झाइम टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी करतं, आणि गर्भात लिंगाची घडण, मूत्रनळी मिटणं मुख्यतः डीएचटीवर चालतं. एन्झाइम कमजोर असेल (जनुक एसआरडी५ए२) तर टेस्टोस्टेरॉन भरपूर आणि डीएचटी तोकडं. म्हणजे तुमचा चांगला रिपोर्ट ही शक्यता खोडत नाही. मुळाशी छिद्र आणि गोळी वर, दोन्ही एकत्र असलं की डॉक्टर हे बघतातच. टेस्टोस्टेरॉनच चढलं नाही, तर दोष त्याच्या आधीच्या पायरीवर.

बाकी, नळी मिटते साधारण आठव्या ते चौदाव्या आठवड्यात. ग्रहण कितव्या महिन्यात होतं तेवढं सासूबाईंना विचारा.

साखळीची_आई:
सातव्या! आज रात्री सांगते. एन्झाइमचा दोष निघालाच तर पुढे काय?

फोंड्याचा_लॅबवाला:
ऑपरेशनआधी लिंग थोडं वाढावं म्हणून काही सर्जन टेस्टोस्टेरॉन देतात; अशा मुलांत डीएचटीचं मलम जास्त उपयोगी पडू शकतं. वयात येताना ही मुलं बऱ्यापैकी पुरुषी होतात, आवाज फुटतो, अंग भरतं. १९७४ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या अशा कुटुंबांवर इम्पेराटो-मॅकगिन्ली या संशोधकांनी लिहिलं, तेव्हापासून हे माहीत आहे.

म्हापशेकरीण:
आमच्याकडे सगळ्या तपासण्या झाल्या, कारण सापडलं नाही. बहुतेकांचं असंच होतं म्हणतात. ऑपरेशन झालं, आता पोर भिंतीवर नेम धरतं.

साखळीची_आई:
😂 रक्ताच्या दिवशी उपाशी ठेवायचं का?

फोंड्याचा_लॅबवाला:
मुळीच नको. दूध पाजूनच आणा, भुकेल्या बाळाची शीर सापडत नाही. डीएचटी बऱ्याच लॅब बाहेर पाठवतात, तेव्हा इंजेक्शनआधीच फोन करून त्या दिवशी नमुना घेतात का विचारा. दोन्ही हॉर्मोन एकाच वेळच्या रक्तातून, एकाच लॅबमध्ये, गुणोत्तर काढायचंय. आणि शेवटच्या इंजेक्शनची वेळ फॉर्मवर लिहून घ्या, आमच्याकडे तो रकाना नेहमी कोरा येतो.