घरच्या वायफायवर आपलीच उपकरणे चालावीत यासाठी मॅक फिल्टर पुरेसा आहे का?

प्रश्न (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)
सर्वांना नमस्कार. गावात फायबरची जोडणी आल्यावर मी घरी राउटर बसवला. लग्नघरी आलेल्या पाहुण्यांना पासवर्ड सांगितला गेला आणि तेव्हापासून संध्याकाळी ओट्यावर बसणाऱ्या पोरांचे मोबाइलही आमच्याच वायफायवर चालू लागले. म्हणून मी राउटरमध्ये मॅक फिल्टर (ज्या उपकरणाचा मॅक पत्ता, म्हणजे वायफायसाठीचा ओळखक्रमांक, यादीत आहे त्यालाच जोडू देणारी सोय) लावून माझा संगणक, मुलीचा लॅपटॉप, घरातले दोन मोबाइल आणि गोठ्यावरचा कॅमेरा एवढ्यांचेच पत्ते यादीत ठेवले. पोरे थांबली, परंतु मुलीचा मोबाइल फॅक्टरी रिसेट केल्यापासून तोही जोडला जात नाही. यादीत चूक कोठे झाली असावी?

उत्तर १ (वर्धा)
गुरुजी, चूक यादीत नाही. अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयओएस १४ (२०२०) पासून बहुतेक मोबाइल आपला मूळ मॅक पत्ता न देता प्रत्येक वायफायसाठी एक बनावट पत्ता तयार करतात आणि रिसेटनंतर तो बदलू शकतो. ओळखायचे असल्यास पत्त्यातील दुसरे अक्षर पाहा: तेथे २, ६, ए किंवा ई असल्यास पत्ता बहुधा बनावट असतो. मोबाइलमध्ये आपल्या वायफायच्या गोपनीयतेच्या पर्यायात ‘डिव्हाइस मॅक’ निवडून तोच पत्ता यादीत लिहावा.

उत्तर २ (काटोल)
वरील उपाय बरोबर आहे, पण माझ्या मते गुरुजींनी या यादीवर विसंबूच नये. वायफायवरचा मजकूर कूटबद्ध असला तरी मॅक पत्ता हवेतून उघडाच जातो. तो टिपून आपल्या लॅपटॉपला लावणे जाणत्या पोराला अवघड नाही. खरे कुलूप पासवर्डचे आहे आणि त्याची किल्ली लग्नातच वाटली गेली आहे. तो बदलून लांबलचक ठेवा, सुरक्षा डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ (वायफाय कूटबद्ध करण्याच्या पद्धती) करा आणि डब्ल्यूपीएस (पासवर्ड न लिहिता बटण किंवा पिनने जोडण्याची सोय) बंद करा. डब्ल्यूपीएसचा पिन आठ आकडी दिसतो खरा, पण राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा केवळ पडताळणीचा असतो, त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत तो सापडतो. ही उणीव २०११ मध्येच उघड झाली. राउटरच्या सेटिंगच्या पानाचा मूळ पासवर्डही बदला, कारण आत शिरलेला माणूस तेथून तुमची यादीच बदलू शकतो. पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क वेगळे ठेवावे.

प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. पासवर्ड बदलला आणि यादी काढून टाकली. राउटर आधी निव्वळ डब्ल्यूपीए३ वर ठेवला तेव्हा कॅमेरा जोडला जाईना. डब्ल्यूपीए२ व ३ मिश्र केल्यावर तो चालू झाला, मात्र नवा पासवर्ड भरण्यासाठी शिडी लावून गोठ्याच्या आढ्यापर्यंत चढावे लागले.