मदत हवी आहे: बिडी सोडायची आहे, पण च्युइंगम कवळीला चिकटतं (सांगली)

वडील ६४ वर्षांचे, मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर असतात. रोज दीड बंडल बिडी. सोडायची तयारी त्यांचीच आहे, आमची जबरदस्ती नाही. १८००-११२-३५६ या सरकारी क्विटलाइनवर (तंबाखू सोडायला मदत करणारी फोनसेवा) बोलणं झालं, त्याचा उपयोगही झाला. बारा दिवस बिडी बंद होती. मग २ मिलिग्रॅमचं निकोटीन च्युइंगम आणलं, तर ते वरच्या कवळीला चिकटून कवळीच हातात आली! आता ते तोंडात घ्यायलाच तयार नाहीत. पहाटेची पहिली बिडी काही सुटत नाही. शुगरची गोळी चालू आहे, हृदयाचा त्रास नाही.

च्युइंगमऐवजी निकोटीनची, अंगाला चिकटवायची पट्टी किंवा चघळायची गोळी कुणी वापरली आहे का? आणि सांगली-मिरजेत सरकारी दवाखान्यात तंबाखू सोडवण्याचं समुपदेशन दुपारी तीननंतर कुठे, कोणत्या वारी मिळतं?