मदत हवी आहे: मेटास्कोअर ८८, तरी प्री-ऑर्डर करायला मन धजत नाही. नेमकं काय तपासू?

धूमकेतू

एका मोठ्या ओपन-वर्ल्ड गेमची प्री-ऑर्डर चालू आहे. प्रश्न त्या एकाच गेमपुरता नाही, म्हणून नाव देत नाही. रिव्ह्यू आलेत. रिव्ह्यूंचे गुण एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिक साइटवर सरासरी (मेटास्कोअर) १०० पैकी ८८, आणि सगळे पीसीवरचे. व्हिडिओ रिव्ह्यू नीट बघितले तर सगळ्यांत तीन प्रसंग हुबेहूब तेच आहेत, कॅमेऱ्याच्या हालचालीसकट. मशीन कुठलं वापरलं ते दोघांनीच सांगितलंय, आणि दोघांकडेही आरटीएक्स ४०९० हे फार ताकदीचं ग्राफिक्स कार्ड आहे. स्टोअरच्या पानावर 'इन-अॅप खरेदी' असं लिहिलंय, पण एकाही रिव्ह्यूत गेममधल्या दुकानाचा उल्लेख नाही.

मशीन: रायझन ५ ५६००, आरटीएक्स ३०६० टीआय ८ जीबी, १६ जीबी रॅम, एनव्हीएमई एसएसडी, १४४०पी मॉनिटर. ६० एफपीएस (सेकंदाला ६० फ्रेम) पुरेत, पण अडखळणारा गेम नको.

डीलक्स आवृत्ती घेतली तर तीन दिवस आधी खेळता येईल. स्टीम या ऑनलाइन स्टोअरवरूनच घेणार आहे. ८८ कितपत धरून चालायचे? आधी खेळलो तर रिफंडचं काय? दोन तासांत माझ्या मशीनची परीक्षा कशी घ्यायची? आणि दुकान किती त्रास देईल याचा अंदाज आधी लागतो का?

कोरा_कागद

आकड्याआधी रिव्ह्यूअरच्या हातात काय दिलं होतं ते बघा. बिल्ड (गेमची त्या वेळची आवृत्ती) कुठलं, प्लॅटफॉर्म कुठला, किती दिवस मिळाले, दुकान चालू होतं का, ऑनलाइन भाग असेल तर सर्व्हरवर खरे खेळाडू होते का. ८८ हे त्या बिल्डला, त्या आठवड्यात मिळालेले गुण आहेत.

तेच तेच फुटेज दिसणं ही तुम्ही पकडलेली सगळ्यात मोठी खूण. सायबरपंक २०७७ च्या वेळी, डिसेंबर २०२० मध्ये, रिलीजआधी फक्त पीसीच्या कॉपी दिल्या गेल्या आणि स्वतः रेकॉर्ड केलेलं फुटेज दाखवायला मनाई होती. कंपनीने पुरवलेल्या क्लिपच वापरायच्या. पुढे पीसीचा मेटास्कोअर ८६ वर राहिला आणि प्लेस्टेशन ४ चा ५७ वर आला. रिलीजनंतर आठवड्याभरात सोनीने गेम आपल्या डिजिटल स्टोअरवरून काढला, तो जून २०२१ मध्ये परत आला. रिव्ह्यूअर खोटं बोलले नव्हते. जे चांगलं चालत होतं तेवढंच त्यांना दिलं होतं, आणि वाचकापर्यंत तेवढंच पोचलं. याचा मला आजही राग येतो, कारण पैसे भरणाऱ्याला हे कळायला काही मार्गच नव्हता.

मेटाक्रिटिक वाचताना प्रत्येक प्लॅटफॉर्मचा आकडा वेगळा असतो, आपला बघा. कुठल्या प्रकाशनाला किती वजन दिलंय ते जाहीर नाही. आणि एखाद्याने पॅचनंतर गुण बदलले तरी तिथे पहिलाच आकडा राहतो. म्हणून दोन वर्षं जुन्या गेमसाठी मेटास्कोअर फारसा उपयोगाचा नाही, नव्या गेमसाठी थोडाफार आहे. ओपनक्रिटिकवर साधी सरासरी मिळते आणि किती टक्के समीक्षक शिफारस करतात तेही दिसतं. मी तरी आकडा सोडून तीन रिव्ह्यूंचा मजकूर वाचा म्हणेन: एक सगळ्यात कमी गुणांचा, एक मधला, आणि एक ज्यात मशीनचा तपशील दिलाय असा.

वाटसरू_६४

रिफंडपुरतं सांगतो. स्टीमचा नियम: खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळ. प्री-ऑर्डर रिलीजआधी कधीही रद्द करता येते, आणि रिलीज झाल्यावर हीच १४ दिवस–२ तासांची मोजणी लागू होते. पण डीलक्सच्या तीन दिवसांत जे खेळाल तेही आता दोन तासांत धरलं जातं. एप्रिल २०२४ आधी धरलं जात नव्हतं, त्यामुळे जुन्या सल्ल्यांवर जाऊ नका.

आणखी एक. बाहेरच्या विक्रेत्याकडून 'की' (गेम उघडण्याचा कोड) घेऊन स्टीमवर टाकली तर स्टीम रिफंड देत नाही. थोडे पैसे वाचवताना हा हक्क जातो.

धूमकेतू

धन्यवाद. शेडर (चित्र काढणारे छोटे प्रोग्राम) कंपाइल होत असतानाचा वेळही धरतात का? या गेमला त्यात बराच वेळ लागतो असं एका रिव्ह्यूत वाचलं.

फ्रेमटाइम

हो, धरतात. गेमची प्रोसेस चालू आहे तोवर स्टीमचं घड्याळ चालू. शेडर कंपाइल, कटसीन (मधले चित्रपटासारखे प्रसंग), आल्ट-टॅब करून जेवायला जाणं, सगळं त्यात येतं. द लास्ट ऑफ अस पार्ट वन मार्च २०२३ मध्ये पीसीवर आला तेव्हा मध्यम ताकदीच्या मशीनवर शेडरमध्येच इतका वेळ गेला की लोकांचा परीक्षेचा अवधी खेळण्याआधीच संपत आला. स्टीमवरून होणारं डाउनलोड मोजलं जात नाही. पण गेम स्वतःच्या लाँचरमधून उरलेला डेटा उतरवत असेल तर तो वेळ मोजला जातो. २०२० च्या मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरला हीच अडचण होती.

तुमच्या मशीनसाठी क्रम असा ठेवा.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी ग्राफिक्स ड्रायव्हर अद्ययावत करा. नंतर केलात तर शेडर पुन्हा कंपाइल करावे लागतील आणि वेळ दुप्पट जाईल. एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्याबरोबर येणारं रिव्हाट्यूनर टाकून पडद्यावर चार गोष्टी लावा: एफपीएस, फ्रेमटाइमचा (एका फ्रेमला लागणाऱ्या वेळेचा) आलेख, व्हीरॅमचा (ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीचा) वापर, जीपीयूचा (ग्राफिक्स चिपचा) वापर. ब्राउझर बंद. मग गेम चालू करा आणि शेडर कंपाइल पूर्ण होऊ द्या. 'वगळा' असं बटण दिसलं तरी दाबू नका, नाहीतर पुढे जे अडखळणं दिसेल ते गेमचं की वगळलेल्या शेडरचं, हेच कळणार नाही.

सेटिंग: मध्यम प्रीसेट, रे ट्रेसिंग बंद, डीएलएसएस (लहान चित्र काढून मोठं करण्याची सोय) 'क्वालिटी'वर, फ्रेम जनरेशन (मधल्या फ्रेम कृत्रिमरीत्या भरणं) बंद, व्ही-सिंक बंद. १४४०पी वर डीएलएसएस क्वालिटी म्हणजे गेम आतून साधारण ९६०पी या कमी रिझोल्यूशनला चित्र काढतो, तुमच्या कार्डाला ते झेपायला हवं. फ्रेम जनरेशन बंद ठेवायचं कारण असं की आकडा फुगतो, पण हाताला जाणवणारी दिरंगाई मूळ फ्रेमरेटचीच राहते. सिस्टिम रिक्वायरमेंट वाचतानाही हे बघा. मॉन्स्टर हंटर वाइल्ड्सच्या शिफारशीत १०८०पी ला ६० एफपीएस लिहिलं होतं ते फ्रेम जनरेशन धरून. त्यांनी ते स्पष्ट लिहिलं आणि रिलीजआधी मोफत बेंचमार्कही दिला, हे मान्य करायला हवं. तुमच्या गेमचा असा बेंचमार्क किंवा डेमो असेल तर आधी तोच चालवा, दोन तास शाबूत राहतात.

आता मुख्य परीक्षा. सुरुवातीची शिकवणी बहुतेक गेममध्ये अरुंद वाटांतून जाते, तिथले आकडे फसवे. कटसीन वगळत गर्दीचं गाव किंवा मोकळा प्रदेश गाठा. तिथे एकच वाट ठरवा, साधारण दोन मिनिटांची, आणि तीच दोनदा धावा. ६० एफपीएसला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची असते. आलेखात रेघ त्याच्या आसपास सपाट हवी. मध्येच ५०–१०० मिलिसेकंदांचे सुळके आले तर ते डोळ्याला झटका म्हणून दिसतात, सरासरी एफपीएस कितीही चांगला असो.

पहिल्या फेरीत सुळके आले आणि दुसऱ्या फेरीत गेले, तर शेडरचा प्रश्न. खेळता खेळता कमी होतो, पॅचने सुटण्याची शक्यताही बरीच. दोन्ही फेऱ्यांत त्याच जागी आले, म्हणजे पुलावर, वेशीवर, नवा भाग उघडतो तिथे, तर जगाचा पुढचा तुकडा लोड करताना इंजिन अडतंय. हे तुमच्या सेटिंगने जवळपास जात नाही. असं दिसलं तर मी थेट रिफंड मागा म्हणेन.

एफपीएस कमी असेल तर डीएलएसएस 'परफॉर्मन्स'वर नेऊन बघा. आकडा वाढला नाही आणि जीपीयूचा वापर ९५ टक्क्यांच्या बराच खाली असेल, तर अडचण प्रोसेसरची. मग ग्राफिक्स कमी करून फायदा नाही, गर्दी आणि दृश्याचं अंतर कमी करून बघा. व्हीरॅम ८ जीबीच्या काठाला टेकला आणि भिंतींवरचं चित्र जवळ जाऊनही धूसर राहिलं, किंवा अर्ध्या तासानंतर एफपीएस घसरत गेला, तर टेक्स्चर एक पायरी खाली आणून गेम पुन्हा सुरू करा. नुसतं सेटिंग बदलल्याने व्हीरॅम नेहमी मोकळा होत नाही.

९० मिनिटांना थांबा. लायब्ररीतला वेळ कधी कधी उशिरा वाढतो, म्हणून १ तास ५८ मिनिटांपर्यंत ताणू नका. रिफंड मागायला स्टीम सपोर्टमध्ये 'खरेदी', मग गेम, मग रिफंडचा पर्याय. पैसे वॉलेटमध्ये हवेत की मूळ पेमेंटवर, ते तिथेच विचारतात.

तिसरा_डाव

दुकानाबद्दल. रिव्ह्यूत उल्लेख नसणं म्हणजे दुकान नसणं नव्हे. क्रॅश टीम रेसिंग नायट्रो-फ्यूल्ड जून २०१९ मध्ये आला, चांगले गुण घेऊन. खऱ्या पैशांनी नाणी विकणं ऑगस्टमध्ये सुरू झालं. टेकन ८ जानेवारी २०२४ चा, दुकान त्यानंतर काही आठवड्यांनी. ड्रॅगन्स डॉग्मा २ चे रिव्ह्यू आधी आले, आणि विक्रीच्या छोट्या छोट्या वस्तूंची यादी लोकांना दिसली ती गेम विक्रीला आल्यावर. त्या वस्तू खेळूनही मिळत होत्या हे खरं, पण पूर्ण किंमत मोजताना ती यादी समोर असायला हवी होती.

पानावर तपासा: 'इन-अॅप खरेदी'ची खूण, तिसऱ्या पक्षाच्या खात्याची अट, डेनुव्होसारखं डीआरएम (कॉपी रोखणारं कुलूप), कर्नल पातळीवरचं (विंडोजच्या गाभ्यात चालणारं) अँटी-चीट. ही माहिती उजव्या बाजूच्या रकान्यात असते आणि बहुतेक जण ती न बघताच खाली जातात. मग त्याच प्रकाशकाचे मागचे दोन गेम काढा आणि त्यांच्या डीएलसीची (वेगळ्या विकल्या जाणाऱ्या भागांची) यादी तारखेनुसार लावा. नव्या गेमचा अंदाज त्यातून येतो, ट्रेलरमधून नाही.

खरं दुखणं स्किनचं (पात्रांच्या दिखाऊ पोशाखांचं) नाही. बघायचं ते हे की दुकानात वेळ विकला जातोय का. अनुभव गुण दुप्पट करणारी वस्तू विक्रीला असेल तर विचारा की मूळ गती मुद्दाम मंदावलीय का. स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २ मध्ये, २०१७ साली, हाच मुद्दा पेटला होता: लूट बॉक्समधून (आत काय निघेल ते नशिबावर असलेल्या पेट्यांतून) थेट ताकद मिळायची आणि लोकप्रिय पात्रं उघडायला तासन् तास लागायचे. रिलीजच्या आदल्या दिवशी खरेदी बंद करावी लागली. २०१८ मध्ये बेल्जियमच्या जुगार आयोगाने काही गेममधले पैशाचे लूट बॉक्स जुगारात धरले. खेळाडूंनी गोंगाट केला म्हणून हे झालं, आपोआप नाही.

निळी_ओळ

इतकं कशाला, रिव्ह्यू विकतच घेतलेले असतात ना सगळे?

कोरा_कागद

सगळे नाहीत, आणि असं म्हटलं की खरी गडबड नजरेआड होते. पैसे देऊन करवून घेतलेल्या व्हिडिओंची उदाहरणं आहेत. शॅडो ऑफ मॉर्डोरच्या प्रचारात यूट्यूबवाल्यांना पैसे दिल्याचं नीट जाहीर केलं नव्हतं, म्हणून अमेरिकेच्या एफटीसीने (व्यापार आयोगाने) वॉर्नर ब्रदर्सवर कारवाई केली आणि ती २०१६ मध्ये तडजोडीने मिटली. जाहिरातदाराच्या दबावाचंही आहे: रिव्ह्यूअर जेफ गर्स्टमन यांना २००७ मध्ये गेमस्पॉट या साइटने काढलं, त्यामागे केन अँड लिंचच्या रिव्ह्यूवरून आलेला दबाव होता, हे त्यांनी २०१२ मध्ये उघड सांगितलं.

पण रोजचं दडपण साधं असतं. कॉपी उशिरा येते, ५० तासांचा गेम चार दिवसांत उरकायचा असतो, आणि एम्बार्गो (रिव्ह्यू छापण्यावरची बंदी) उठतो त्या तासाला लेख नसेल तर वाचक येत नाहीत. त्यामुळे सुरुवातीचे तास बारकाईने लिहिलेले असतात आणि शेवटचा भाग ओझरता. गुणांचा दाब उलट्या बाजूलाही आहे: फॉलआउट न्यू वेगसच्या स्टुडिओचा बोनस मेटास्कोअर ८५ ला बांधला होता आणि गेमला ८४ मिळाले. एका गुणाने बोनस गेला. तिथे राबलेल्या माणसांवर तो अन्याय होता असं माझं स्पष्ट मत आहे.

धूमकेतू, रिलीजच्या दुसऱ्या दिवशी स्टीमचे रिव्ह्यू असे गाळा: खेळण्याचा वेळ किमान ५ तास, खरेदी स्टीमवरूनच, क्रम 'अलीकडचे'. प्रत्येकाखाली रिव्ह्यू लिहिताना किती तास झाले होते तेही असतं, एकूण तासांपेक्षा ते जास्त बोलतं. नापसंतीचे वीस वाचा आणि त्यात ३०६०, ३०७०, ८ जीबी हे शब्द शोधा. शेरा 'मिक्स्ड' म्हणजे ४० ते ६९ टक्के पसंती, ही पट्टी फार रुंद आहे. टक्का बघा, शेरा नको.

धूमकेतू

मग डीलक्स रद्द करतो आणि साधी आवृत्ती रिलीजनंतर घेतो. शेवटचं: घरी पीएस५ पण आहे. मशीनवर नाहीच चाललं तर तिथे घेणं जास्त सुरक्षित का?

वाटसरू_६४

कामगिरीच्या बाबतीत हो, रिफंडच्या बाबतीत नाही. प्लेस्टेशन स्टोअरवर १४ दिवस मिळतात, पण डाउनलोड किंवा स्ट्रीमिंग सुरू केलं नसेल तरच. खेळून बघण्याची सोय नाही. डिजिटल घेणार असाल तर खरेदीनंतर डाउनलोड आपोआप सुरू होणार नाही हे आधी बघा. डिस्क ड्राइव्ह असेल तर डिस्क बरी, नाही आवडला तर विकता येते.

फक्त डिस्कच्या खोक्यावर सतत इंटरनेट लागण्याची अट आहे का ते वाचा. द क्रू हा गेम एकट्याने खेळतानाही सर्व्हरवर चालायचा. यूबीसॉफ्टने ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले आणि डिस्क असलेल्यांचाही गेम थांबला. अशी अट दिसली तर डिस्कसाठी जास्त पैसे मोजू नका.