मृदा-जल शास्त्रज्ञाचं काम मोजायचं कशानं?

बांधबंदिस्ती (धागाकर्ता)
निवड समितीत हल्ली पहिला प्रश्न असतो, ‘एच-इंडेक्स किती?’ हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली सुचवलेला हा आकडा. २५ पेपरना प्रत्येकी २५ सायटेशन्स (इतर पेपरांनी दिलेले संदर्भ) असतील तर इंडेक्स २५. पण कुणाचे पाचच पेपर असतील आणि प्रत्येकाला दोन हजार सायटेशन्स, तर त्याचा इंडेक्स पाचच राहतो. आपल्या विषयात हे फार घातक आहे. एकाच पाणलोटावर दहा-बारा पावसाळे अपधाव (वाहून जाणारं पाणी) आणि गाळ मोजावा, तेव्हा कुठे एक भरवशाचा पेपर हाती लागतो.

पाणी वाळूतून कसं झिरपतं याचा नियम डार्सी या फ्रेंच अभियंत्याने १८५६ मध्ये मांडला, तोही दिजों शहराच्या पाणीपुरवठ्यावरच्या ग्रंथाच्या परिशिष्टात. भूजलाचं गणित आजही त्यावर उभं आहे, पण तो नियम वापरणारे बहुतेक जण मूळ ग्रंथाचा संदर्भ देत नाहीत. म्हणून माझं म्हणणं, प्रभाव शेतात मोजा. धूप किती थांबली, विहिरीला पाणी किती दिवस टिकलं ते बघा.

गाळमोजणी
अजिबात पटलं नाही. धुपेचा मोठा वाटा मोजक्या जोरदार पावसांत होऊन जातो. तीन वर्षांच्या प्रकल्पात असा पाऊस आलाच नाही, तर बांध न घालताही धूप कमीच दिसेल. नीट मोजायचं तर दोन सारखी पाणलोटं घ्यावी लागतात. आधी काही वर्षं दोन्हींचं नातं नोंदवायचं, मग एकावर बांधासारखे उपचार करायचे आणि दुसरं तसंच ठेवायचं. एकेका बढतीसाठी हे कोण करणार? आणि विहिरीची पातळी तर नुसतं पीक बदललं तरी बदलते.

नवी वाफ
मी आकड्याच्या बाजूने आहे, आणि मनापासून. माझ्या पहिल्या मुलाखतीत कामाबद्दल एकही प्रश्न आला नाही, फक्त मार्गदर्शक कोण एवढंच विचारलं. ज्याच्या पाठीशी कुणी नाही त्याला आकडा निदान दारात तरी उभं करतो. शिवाय चांगलं काम सापडतंच. विशमायर आणि स्मिथ यांचं धुपेचं समीकरण १९६५ मध्ये अमेरिकी कृषी खात्याच्या हँडबुकात आलं, नियतकालिकात नव्हे. तरी हजारो पेपर त्याचा आधार घेतात.

बांधबंदिस्ती
तुमच्या बाबतीत झालं ते अन्यायाचंच होतं. पण फक्त नियतकालिकं मोजणाऱ्या डेटाबेसमध्ये असं हँडबुक निसटतं. आणि त्या समीकरणामागे दहा हजारांहून जास्त प्लॉट-वर्षांच्या नोंदी होत्या (एका प्लॉटचं एक वर्ष म्हणजे एक प्लॉट-वर्ष). त्या प्लॉटांच्या टाक्यांतला गाळ वाळवून त्याचं वजन लिहून ठेवणाऱ्यांचा इंडेक्स किती धरायचा? वशिल्यावर माझा उपाय वेगळा आहे. उमेदवाराने स्वतःची पाच कामं निवडावीत आणि समितीने ती वाचावीत. नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून (त्यातल्या पेपरना सरासरी मिळणाऱ्या सायटेशन्सवरून) माणसाची पारख करू नका, असं संशोधनाच्या मूल्यमापनावरच्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात २०१२ मध्येच म्हटलंय.

नवी वाफ
वाचणारे तेच असतील, तर पाच कामंही ओळखीच्याच माणसाची चांगली ठरतील.

प्रयोगशाळा
मधला एक रस्ता आहे, पद्धतीचा वापर मोजायचा. जगभर असंख्य प्रयोगशाळांत मातीतला सेंद्रिय कर्ब (कार्बन) अजूनही वॉकली-ब्लॅक पद्धतीने काढतात, ती १९३४ ची. शेतकऱ्याच्या हातात पडणाऱ्या माती परीक्षणाच्या अहवालात तिचा संदर्भ नसतो, पण खताचा सल्ला त्या आकड्यावरून ठरतो. एखादी पद्धत किंवा सूत्र किती प्रयोगशाळांत, किती नियमावल्यांत, पाणलोटाच्या किती आराखड्यांत आहे हे मोजता येतं. त्यात पाऊस आडवा येत नाही, आणि ओळखही फारशी चालत नाही.

गाळमोजणी
हे मला बऱ्यापैकी पटतंय, पण एक अडचण आहे. वॉकली-ब्लॅकमध्ये सगळा कर्ब पकडला जात नाही. साधारण ७७ टक्के पकडला जातो असं धरून १.३ ने गुणतात, आणि हे प्रमाण मातीगणिक बदलतं. म्हणजे वापर भरपूर असूनही एखाद्या मातीत आकडा चुकलेला असू शकतो. त्या मातीवर तो गुणक तपासून दुरुस्त करणारा माणूस नवी पद्धत शोधत नाही, त्याचा पेपरही बाहेर फारसा कुणाच्या उपयोगाचा नसतो. त्याचं काम तुम्ही कुठल्या रकान्यात लिहाल?