नेगेटिव्ह स्कॅन करताना ऑटो एक्सपोजर फ्रेमगणिक का बदलतं?

खानापूरकर: वडिलांचे जुने कलर नेगेटिव्ह व्ह्यूस्कॅन या स्कॅनिंगच्या सॉफ्टवेअरवर स्कॅन करायला घेतलेत. एकाच रोलवर राजहंसगडावरचं धुकं आणि बेळगावातली विसर्जनाची मिरवणूक. मिरवणूक झकास येते. धुकं मात्र कडक, तुकडे पडल्यासारखं. शिवाय क्रॉप जरा सैल धरला की अख्खा फोटो फिका पडतो. हे ऑटो नेमकं बघतं तरी काय?

शहापूर स्टुडिओ: ऑटो म्हटलं की आमच्याकडची पोरं डोळे मिटून स्कॅनचं बटण दाबतात. बघा, यात कामं दोन आहेत.

प्रीव्ह्यूत क्रॉपच्या आतला सगळ्यात उजळ भाग सॉफ्टवेअर शोधतं आणि तो भाग पार पांढरा होऊन फुटणार नाही, इतकाच वेळ सेन्सर प्रकाश गोळा करतो. नेगेटिव्हवर उजळ म्हणजे कोरी फिल्म, फोटोतला काळोख. रात्रीच्या मिरवणुकीत तो भरपूर. धुक्यात गडद सावलीच नाही, फिल्म सगळीकडे थोडी दाट, म्हणजे प्रकाश कमी सोडणारी, म्हणून तिथं एक्सपोजर वाढतं. इथवर काही बिघडलेलं नसतं.

घोळ पुढे होतो. दुसरं काम, फोटो उलटवल्यावर हिस्टोग्रामचं, म्हणजे फोटोत कुठली छटा किती आहे त्या आलेखाचं, एक टोक काळं, दुसरं पांढरं धरून मधलं सगळं ताणलं जातं. धुक्याचा हिस्टोग्राम मुळात अरुंद. ताणला की धुकं संपलं!

सैल क्रॉपमध्ये फिल्म धरणाऱ्या होल्डरच्या फटीतला उघडा प्रकाश किंवा फिल्मची भोकं आत येतात. मग तोच प्रकाश काळा ठरतो आणि फोटोतला खरा काळोख राखाडी होतो. एक्सपोजरही कमी पडतं, त्यामुळे आकाशासारख्या दाट भागात दाणे दिसतात.

दोन फ्रेममधल्या कोऱ्या पट्टीवर क्रॉप धरून प्रीव्ह्यू घ्या, 'लॉक एक्सपोजर' करा. परत प्रीव्ह्यू, मग 'लॉक फिल्म बेस कलर'. नारिंगी मास्क, म्हणजे कलर नेगेटिव्हच्या कोऱ्या फिल्मवरचा नारिंगी रंग, निळा प्रकाश जास्त अडवतो, त्याचा हिशेबही या पट्टीवरच लागतो. फाइल 16 बिट टिफ ठेवा आणि काळं-पांढरं टोक धुक्यापुरतं हातानं लावा.

निपाणीवाला: फ्लॅटबेड असेल तर होल्डरची कॅलिब्रेशनची खाच (जिथून स्कॅनर आधी आपला कोरा प्रकाश मोजतो) मोकळी आहे ना, तेही पाहा. तिथं फिल्मचा तुकडा आला की सगळे रंग चुकतात.

खानापूरकर: फिल्म स्कॅनर आहे, खाचेचा प्रश्न नाही. पट्टीवर लॉक केलं, धुकं आलं काका! पण आता मिरवणुकीतले हॅलोजन पिवळे दिसतायत.

शहापूर स्टुडिओ: ते तेव्हाही पिवळेच होते. राहू देत की.